स्टेंट बसवलाय? मग परत आलेली कळ लपवू नका

भोर-वेल्ह्याच्या माणसांनो, ज्यांच्या घरात कुणाच्या तरी हृदयात स्टेंट बसवलेला आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. तुमच्याकडं कुणी त्याला स्प्रिंग म्हणत असेल, कुणी जाळी म्हणत असेल, कुणी नुसतंच ‘आमच्या अण्णांची अँजिओ झालीय’ असं सांगत असेल. चुलत्यांना असेल, सासूबाईंना असेल, भावकीतल्या कुणाला असेल. ते माणूस डोळ्यांपुढं आणा आणि मग पुढं वाचा.

बसवलेला स्टेंट आतून पुन्हा अरुंद होऊ शकतो. सगळ्यांचा होत नाही, बहुतेकांचा होत नाही. पण ज्याचा होतो, त्याला शरीर बहुधा आधी कळवतं. चढावर छाती भरते. ज्या बांधापर्यंत एका दमात जाणं व्हायचं, तिथं जाताना आता दोनदा टेकावं लागतं. जुनी कळ पुन्हा डोकावते. आणि नेमकं तेव्हाच आपलं माणूस गप्प बसतं. ‘एकदा पोराचा एवढा खर्च झालाय, आता परत कोणत्या तोंडानं सांगू?’ हा विचार माणसाचा जीव घेतो. बंद होत आलेली नळी पुन्हा उघडता येते. मात्र न सांगितलेल्या दुखण्यावर कुठल्याच डॉक्टरकडं इलाज नाही.

म्हणून आज त्यांच्याजवळ बसा. ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका, त्याला ‘बरंय’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. अण्णा, दिवाळीत देवळापर्यंत न थांबता जात होता, आता जाता का? जेवून लगेच चाललं की छातीत दाटतं का? रात्री दम लागून उठून बसावं लागतं का? आंघोळीचं पाणी उचलताना जबडा, खांदा, डावा हात भरून येतो का? विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्याकडची जुनी माणसं खरं ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला सांगतात.

हे आज का करायचं? कारण पाऊस तोंडावर आहे. राब भाजून झाले, तरवा टाकायची वेळ आली, मग चिखलणी, मग लावणी. गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर काम. धडधाकट माणसाचीही त्यात कसोटी लागते. आणि आपल्याकडं हृदयाचं दुखणं नेहमीच ‘लावणी झाल्यावर बघू’वर ढकललं जातं. लावणी उरकेपर्यंत ओढे भरलेले असतात, घाटात दरडी आलेल्या असतात, झाडं आडवी झालेली असतात. दाखवायचं ते लावणीच्या आधी दाखवा. चार दिवस मागं-पुढं झाले तरी भात येईल.

आत काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे कळेचा अर्थ लागेल. स्टेंट बसवताना फुगा फुगवून धमनीची भिंत ताणतात. तिला बारीक जखम होते. ती भरायला हवीच. जाळीवर पातळ अस्तर चढलं तरच ती शरीरात रुळते. पण काही जणांच्या शरीराला कुठं थांबायचं ते कळत नाही. हातावरच्या जखमेचा वण उचलून येतो, तसं आत मांस वाढत जातं आणि रक्ताची वाट आवळतं. काही वेळा मांस वाढलेलंच नसतं. भिंतीत कॅल्शियम साठून ती एवढी टणक झालेली असते, की जाळी पहिल्या दिवसापासूनच पुरती फुललेली नसते. आणि काही वेळा चार-सहा वर्षांनी जाळीच्या आतच नव्यानं चरबी साठू लागते. मधुमेह असला, मूत्रपिंड अधू असलं, धमनी मुळात बारीक असली किंवा लांबलचक स्टेंट घालावा लागला असला, तर धोका वाढतो. तंबाखूनं त्यात भर पडते.

हे काही तुमच्याच नशिबी आलेलं नाही. 1977 साली झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा फुग्यानं हृदयाची धमनी उघडली, तेव्हापासून डॉक्टर या परत आवळण्याशी झुंजतायत. नुसत्या फुग्याच्या काळात साधारण तिघांतल्या एकाची नळी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. 1986 साली फ्रान्समध्ये जाक पुएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले. मग हे प्रमाण चार-पाचांत एकावर आलं. औषधाचा लेप असलेले स्टेंट 2003 च्या सुमारास सर्रास वापरात आले आणि आता हे प्रमाण शंभरात पाच ते दहांपर्यंत खाली आलंय. पण शंभरातले पाच-दहा कुणीतरी असतातच. त्यातला एक, जिथं अँजिओप्लास्टी करतात त्या कॅथलॅबच्या शेजारच्या सोसायटीत राहतो आणि एक भूतोंडे, पासली किंवा केळदला राहतो. दोघांचं दुखणं एकच, पण दुसऱ्याच्या वाटेत भाटघर धरणाचं पाणी आहे, घाट आहे, संध्याकाळी चुकलेली एस.टी. आहे. शहरातल्या माणसानं दोन दिवस वाट पाहिली तर कदाचित निभावेल. तुम्ही पाहू नका.

डिक चेनी हे नाव कुणी ऐकलं असेल. अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष. नोव्हेंबर 2000 मध्ये त्याला स्टेंट बसवला. मार्च 2001 मध्ये, म्हणजे चारच महिन्यांत, त्याच स्टेंटमध्ये धमनी पुन्हा आवळली. दुखणं कसं होतं? सौम्य. दोन-तीन दिवसांत थोड्या-थोड्या वेळापुरती छातीत आलेली अस्वस्थता. आपल्याकडं एवढ्यावर कुणी ओवा चघळून शेतावर गेलं असतं. तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी नळी पुन्हा उघडली आणि पुढं जवळजवळ आठ वर्षं त्यानं ते पद सांभाळलं. त्याच्या राजकारणाबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. पण बारीकशी कळ घेऊन वेळेवर दवाखाना गाठला, एवढी त्याची गोष्ट मात्र उचला.

कळ बारीक आहे म्हणून तिला गॅस समजू नका. स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीत, पाठीत, जबड्यात, पोटाच्या वरच्या भागात काही नवं दाटलं की सोडा-इनो घेऊन बघत बसू नका. मधुमेही माणसाला तर कळ येतेच असं नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, अंगातलं बळ जातं. बायकांचंही पुष्कळदा असंच होतं आणि त्यांचं दुखणं घरात सगळ्यात शेवटी ऐकलं जातं. ‘आईला हल्ली लवकर थकवा येतो’ एवढं लक्षात आलं तरी तिला घेऊन निघा.

दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ‘यांना स्टेंट आहे, आणि आता चालताना त्रास होतोय.’ ताप-खोकल्याच्या रांगेत उभं राहून आपला नंबर येईपर्यंत गप्प बसू नका. आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बसल्या-बसल्या काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो. नळी अर्ध्याहून जास्त आवळलेली असते, पण आराम करताना हृदयाला तेवढं रक्त पुरतं, आणि कागदावरच्या रेषा सरळ दिसतात. ‘ईसीजी नॉर्मल आहे, मग आता काय?’ असं म्हणून घरी परतू नका. चालल्यावर त्रास होतो हे पुन्हा सांगा. ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांकडं पाठवायची चिठ्ठी मागा.

आता गोळ्यांकडं या. इथं सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. एक दिवससुद्धा नको. स्टेंट हळूहळू अरुंद होणं वेगळं आणि स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी अडकणं वेगळं. पहिल्यात आठवडे मिळतात. दुसऱ्यात मिनिटं. आणि दुसऱ्याचं मोठं कारण एकच: गोळी थांबवली. साधारणपणे हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवला असेल तर वर्षभर दोन गोळ्या, अस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी. एरवी सहा महिने. त्यानंतरही एक गोळी बहुतेकांना जन्मभर. तुमच्या माणसाला किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही ठरवू नका, शेजारी ठरवू नये, आणि ‘या मुळीनं सगळं साफ होतं’ म्हणून पुड्या विकणाऱ्यानं तर मुळीच ठरवू नये.

गोळी कशी थांबते तेही बघा. गवत कापताना विळा लागतो, रक्त लवकर थांबत नाही, घाबरून त्या दिवसाची गोळी टळते. मग दुसऱ्या दिवशीची. दात काढायचा असतो, कुणीतरी सांगतं आठ दिवस बंद ठेवा. श्रावण येतो, उपवास येतो, उपाशी पोटी गोळी नको म्हणून ती डब्यात राहते. माणूस वारीला जातो आणि गोळ्यांची स्ट्रिप घरी खिडकीत. किंवा सरळ पैसे संपतात. यातलं एकही कारण खोटं नाही. पण प्रत्येकावर तोड आहे. विळा लागला तर घट्ट दाबून धरा आणि दवाखान्यात जा. दाताच्या डॉक्टरला आधी स्टेंटचं सांगा. उपवासात थोडी साबुदाण्याची खिचडी खा आणि गोळी घ्या, देव रागावणार नाही. वारीच्या पिशवीत कपड्यांच्या आधी गोळ्या घाला. आणि पैसे नसतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. याच औषधांच्या जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. सरकारी रुग्णालयात मिळतात का तेही विचारा. लाजू नका.

गोळ्यांसोबत तंबाखू चालू असेल तर एका हातानं कमवायचं आणि दुसऱ्या हातानं उधळायचं असा प्रकार आहे. पुरुषांची चुना-तंबाखूची डबी सगळ्यांना दिसते. बायकांची मशेरी कुणाला दिसत नाही. पहाटे चुलीपाशी बसून दातांना लावलेली ती काळी पूड म्हणजे भाजलेला तंबाखूच. बाईलाही हृदय आहे आणि तिच्याही धमन्या आवळतात. डॉक्टर ‘विडी-सिगारेट ओढता का?’ विचारतात, ती ‘नाही’ म्हणते आणि तीही खरंच बोलत असते. सुनांनो, लेकींनो, तुम्ही दवाखान्यात सोबत असाल तर मशेरीचं सांगून टाका. साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात तपासून मिळतो, आशाताईला विचारा. कोलेस्टेरॉलची तपासणी करा. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली असावं, कित्येक डॉक्टर 55 च्या खाली आणायला सांगतात. ‘आता रिपोर्ट चांगला आलाय’ म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडू नका. रिपोर्ट चांगला आलाय तो त्या गोळीमुळं.

आता उठा आणि ती पिशवी शोधा. प्रत्येक घरात ती असते. रुग्णालयातून मिळालेली, बंद फुटलेली, खुंटीला नाहीतर फडताळात कपड्यांखाली. तिच्यात डिस्चार्ज कार्ड असतं, एक सीडी असते, बिलांचा गठ्ठा असतो. कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर एक छोटा स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावर स्टेंटची कंपनी असते आणि मिलिमीटरमध्ये मापं असतात, आधी रुंदी, मग लांबी. तो टिचभर कागद सोन्याच्या मोलाचा आहे. नळी पुन्हा उघडायची वेळ आली तर कोणत्या धमनीत, केवढा, कसला स्टेंट आहे आणि तिथं आधीच स्टेंटचे दोन थर आहेत का, हे डॉक्टरला त्यावरून कळतं. आपल्याकडच्या पावसात घरातल्या पोथ्यांनाही बुरशी धरते, तिथं हा कागद किती टिकणार? आजच त्या कार्डाचा, स्टिकरचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. पुण्यातल्या पोराला, मुंबईतल्या भाच्याला पाठवा. मूळ कागद जाड प्लॅस्टिकमध्ये घाला आणि ते कुठं ठेवलंय हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा, शाळेत जाणाऱ्या नातीलासुद्धा.

‘परत आवळली तर आता छाती फाडावी लागेल’ अशी एक भीती असते. ती मनातून काढा. बहुतेकांना बायपास लागत नाही. मनगटातून किंवा जांघेतून तशीच बारीक नळी आत जाते. आधी आतून बघतात: ध्वनिलहरींची किंवा प्रकाशाची एक सूक्ष्म तपासणी असते, तिच्यात धमनीच्या आतलं चित्र दिसतं, आणि मांस वाढलंय, चरबी साठलीय की जाळीच नीट फुललेली नाही, ते कळतं. जाळी फुलली नसेल तर जास्त दाबाच्या फुग्यानं ती फुलवतात. कॅल्शियमचा थर असेल तर तो घासून काढायचं यंत्र आहे, आणि मुतखडा फोडायला वापरतात त्या तंत्रावर बेतलेला, आघातलहरींनी थर तडकवणारा फुगाही आहे. मांस वाढलं असेल तर बहुधा दोन वाटा. एक, औषधाच्या लेपाचा नवा स्टेंट आत घालायचा. दुसरी, औषध लावलेला फुगा.

या फुग्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या लोकांना त्याची माहिती कमी आहे. फुग्यावर औषधाचा लेप असतो. तो अरुंद जागी थोडा वेळ फुगवून धरतात, औषध भिंतीत उतरतं आणि फुगा बाहेर काढून घेतात. आत नवं धातूचं काहीच राहत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे त्यातलं एक औषध, कॅन्सरवरही चालणारं. 2006 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी 52 रुग्णांवरचा अभ्यास छापला. साध्या फुग्यानंतर 43 टक्के जणांची धमनी पुन्हा अरुंद झाली होती, औषधी फुग्यानंतर 5 टक्के. अभ्यास लहान होता, पण पुढं मोठे झाले आणि युरोपात हा इलाज रुळला. अमेरिकेनं तर स्टेंट अरुंद झालेल्या रुग्णांसाठी पहिल्या औषधी फुग्याला मान्यता दिली ती थेट मार्च 2024 मध्ये. आपल्याकडं असे फुगे वापरात आहेत, सिरोलिमसचा लेप असलेले तर सुरतेत बनतात. म्हणून डॉक्टरांना विचारा: आधीचा स्टेंट का अरुंद झाला, आतून तपासणार का, फुग्यावर भागेल का, की दुसरा स्टेंटच हवा? एकाच जागी स्टेंटचे दोन थर होऊनही नळी आवळत असेल, किंवा मधुमेह आणि तिन्ही धमन्यांत अडथळे असतील, तर बायपासचाही विचार करावा लागतो. हे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगल्या डॉक्टरला असा नातेवाईक आवडतो.

आणि पैसा. तोंडाला कुलूप लावतो तो हाच. नीट ऐका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत, त्यात अँजिओप्लास्टी आणि बायपास येतात. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. आपल्या माणसाला सांगितलेला इलाज योजनेत कसा बसतो, औषधी फुगा बसतो का, काही वरून भरावं लागेल का, हे दाखल होण्यापूर्वी विचारा. जवळचं योजनेतलं रुग्णालय कोणतं हे विचारायला 155388 हा नंबर फिरवा. पुण्यात ससून रुग्णालय आहे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन तसं स्पष्ट मागा.

स्टेंटच्या किमतीचा धाकही अजून जुनाच आहे. औषधी लेपाचा स्टेंट एकेकाळी लाखाच्या वर जायचा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारनं त्याला 29,600 रुपयांची मर्यादा घातली. त्यानंतर ती थोडीफार बदलली, पण लाखाचे दिवस गेले. ही मर्यादा फक्त स्टेंटची आहे. तपासण्या, खोली, फुगा यांचं बिल निराळं, म्हणून अंदाजपत्रक लेखी मागा. मग हिशेब करा. बैल विकायचा, जमीन गहाण टाकायची असली घाई आधीच करू नका. आणि खर्चाच्या भीतीनं घरीही बसू नका.

काही वेळा मात्र हिशेबाला सवड नसते. छातीत जोरात दाबल्यासारखं झालं, घाम सुटला, ओकारी आली, हात-जबडा भरून आला, तर आधी खाली बसवा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर बसूनच ती ठेवा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर 108. ‘थोडं पडून राहतो, मग बघू’ हे ऐकून घेऊ नका. मोटरसायकलवर मधे धरून नेऊ नका, खड्ड्यांच्या रस्त्यावर बेशुद्ध माणूस सांभाळता येत नाही. त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका. 108 च्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात स्टेंटचं सांगा. अस्पिरिन चावायला द्यायची का, हेही त्यांनाच विचारा. अॅम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर गावातली चारचाकी काढा, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, ईसीजी काढा, पुढं कुठं न्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवू देत. सरळ पुण्याकडं सुटू नका. भोरहून पुणं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण खेड शिवापूरचा टोलनाका आणि नवले पूल किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत.

म्हणून गावानं आधी ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता कुणाची गाडी निघेल? चालवणारा कोण? सगळ्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर आहे का? दऱ्याखोऱ्यातल्या वाड्यांमध्ये घरात रेंज लागत नाही. ती कुठल्या वळणावर लागते हे पोरांना ठाऊक असतंच, घरातल्या म्हाताऱ्यांनाही दाखवून ठेवा. गणपती मंडळांनो, हे काम तुमचं. सरपंच, येत्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या: गावात स्टेंट आणि बायपासवाली माणसं किती, त्यांच्यासाठी गाडी कोणती. (त्यांची नावं फळ्यावर लिहू नका, ज्याला माहीत हवं त्याला माहीत असू द्या.) मेडिकलवाल्यांनो, तुम्हाला तर सगळ्यात आधी कळतं. महिन्याच्या महिन्याला येणारं गिऱ्हाईक या वेळी आलं नाही, किंवा दोन गोळ्यांतली एकच मागितली, तर एक फोन करा. राजगड-तोरण्याला येणाऱ्या पुणेकर मित्रांनो, शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर गाड्या दोन्ही बाजूंना लावून जाता. खालच्या वाडीतून कुणाला तरी घेऊन अॅम्ब्युलन्स निघालेली असू शकते. एक बाजू मोकळी ठेवा.

पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या पोरांनो, पोरींनो, पैसे पाठवता ते पोचतात. आता एक दिवसाची सुट्टी काढा. स्टेंट बसवल्यापासून हृदयाच्या डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलं होतं ते डिस्चार्ज कार्डावर बघा. बहुतेक घरांत पहिल्या दोन भेटींनंतर कोरं असतं. लावणीच्या आधीची तारीख घ्या. रविवारी गावी या आणि सोमवारी त्यांना घेऊनच निघा. ‘तुम्ही या, मी नंबर लावतो’ असं फोनवर सांगून ते येणार नाहीत. तुम्हीही त्यांच्या जागी असता तर आला नसता.

आणि अण्णा, आक्का, तात्या, वहिनी, शेवटचं तुमच्याशी. दुखणं परत आलं यात तुमचा गुन्हा नाही. पहिला खर्च वाया गेला असंही नाही, त्या खर्चानं तर तुम्ही आजपर्यंत नातवंडांत बसलात. पोरांच्या डोक्यावर बोजा नको म्हणून तुम्ही गप्प आहात. पण बापाला कळत होतं आणि तो बोलला नाही, हे मागाहून कळलं तर तो बोजा पोरं जन्मभर वाहतील. तेव्हा बोला. कळ कधी येते, किती चाललं की येते, थांबल्यावर जाते का, एवढं ध्यानात ठेवा. आणि आज जेवणाच्या आधी मुलाला फोन लावून सांगा: ‘चढावर छाती भरतीय, डॉक्टरकडं जायचंय.’